एकोणतीस सक किती? मोठे गुणाकार मुलांच्या डोक्यात कसे बसतात

चौथीच्या वर्गात मी फळ्यावर लिहिलं, २९ × ६. बहुतेक मुलांनी लगेच वह्या उघडल्या, २९ च्या खाली ६ मांडले, आडवी रेघ मारली. ‘सहा नवे चोपन्न, चार खाली, हातचे पाच’ अशी कुजबुज सुरू झाली. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी मात्र पेन्सिल न उचलता म्हणाली, “एकशे चौऱ्याहत्तर.” कसं काढलंस, असं विचारलं तर म्हणाली, “तीस सक एकशे ऐंशी. त्यातले सहा गेले.” तीसच का घेतलेस? तिला माझा प्रश्नच कळेना. “एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमीच ना, बाई!”

खरंच आहे. एकोण म्हणजे एक उणे. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत आठही संख्यांच्या नावातच हे सांगून ठेवलंय, फक्त नव्याण्णवाने ही रीत सोडली. आपण रोज बोलतो तो शब्द त्या मुलीने नीट ऐकला आणि गुणाकार सोपा झाला. बाकीच्या मुलांचं उत्तरही बरोबर आलं. पण त्यांच्यासाठी २९ ही दोन वेगवेगळ्या अंकांची जोडी होती आणि तिच्यासाठी ती तिसाच्या अगदी शेजारची संख्या होती. मोठे गुणाकार शिकवताना हा फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

मोठा गुणाकार म्हणजे नवीन काही नसतं. दहापर्यंतचे पाढे येत असले की जगातला कुठलाही गुणाकार करता येतो, कारण प्रत्येक मोठी संख्या सोयीच्या तुकड्यांत तोडता येते. तोडायची, तुकड्यांना गुणायचं, आलेली उत्तरं जोडायची. आपण शाळेत शिकलो ती उभी मांडणीही हेच करते, फक्त ते दिसू देत नाही. ‘आधी एककाला गुण, हातचा डोक्यावर लिही, खालच्या ओळीत एक घर सोडून फुली मार, मग दशकाला गुण.’ ही वाक्यं मुलं पाठ करतात, महिनाभर उत्तरं बरोबर येतात. दिवाळीची सुट्टी संपली की निम्म्या वर्गाची फुली हरवलेली असते.

हातच्याचंच बघा. एका मुलाच्या वहीत ४७ × ६ चं उत्तर ४८२ होतं. पाढा चुकलेला नव्हता. सहा साती बेचाळीस, दोन खाली, हातचे चार, इथपर्यंत सगळं ठीक. मग त्याने ते हातचे चार वरच्या चारात आधीच मिळवले, आठ केले, आणि सहा आठी अठ्ठेचाळीस लिहून मोकळा झाला. त्याच्या बाजूने विचार करा. हातचा चाराच्या डोक्यावर लिहिलाय, बेरजेत तो वरच्या अंकात मिळवायचा असतो, मग इथे का नाही? त्याला ‘लक्ष नसतं तुझं’ म्हणून काही उपयोग नाही. त्याला हे दिसायला हवं की ते चार म्हणजे आधीच गुणून आलेले चार दशक आहेत. त्यांना पुन्हा सहाने गुणायचं कारण नाही.

त्याच मुलाला मी आडवं करायला सांगितलं. सत्तेचाळीस म्हणजे चाळीस आणि सात. चाळीस सक दोनशे चाळीस, सात सक बेचाळीस, मिळून दोनशे ब्याऐंशी. मग त्याने स्वतःच वहीतल्या ४८२ कडे बघितलं. “पन्नास सक तर तीनशेच होतात,” तो म्हणाला. चूक सापडली ती त्याला, मला नाही. म्हणून मी कुठलाही मोठा गुणाकार सुरू करण्याआधी अंदाज विचारते. उत्तर साधारण किती येईल? शेकड्यात की हजारात? तीनशेच्या अलीकडे की पलीकडे? याला अर्धा मिनिट लागतो आणि पुढच्या निम्म्या चुका मुलं स्वतः पकडतात.

अंदाजासाठी आणि तोडण्यासाठी एक गोष्ट आधी पक्की लागते, दहाने आणि दहाच्या पटींनी गुणणं. इथे आपण मुलांना ‘पुढे शून्य लाव’ असं सांगतो. मला हे वाक्य आवडत नाही. उत्तर बरोबर येतं, पण काय झालं ते कळत नाही. पुढे दशांश अपूर्णांक आले की हीच मुलं २.५ गुणिले १० बरोबर २.५० लिहितात, शून्य लावलं ना! त्याऐवजी असं म्हणावं की एककातले सगळे दशक झाले, दशकातले सगळे शतक झाले, प्रत्येक अंक एक घर डावीकडे सरकला. रिकाम्या झालेल्या घरात शून्य आलं.

याहून मोठा अडथळा ४० × ३० ला येतो. चार त्रिक बारा, त्यापुढे एक शून्य की दोन? बरीच मुलं १२० लिहितात. इथे शून्यं मोजायला लावू नका, दशक मोजायला लावा. चौकटींच्या वहीत दहा बाय दहाचा चौरस काढला की आत शंभर चौकटी दिसतात. म्हणजे दशक गुणिले दशक शतक होतं. चाळीसात चार दशक, तिसात तीन दशक, असे शंभराचे बारा चौरस, बाराशे. हा चौरस एकदा कागदातून कापून मुलांच्या हातात दिला तर ते विसरत नाहीत.

आता दोन अंकी गुणिले दोन अंकी. सगळ्यात जास्त वेळ मी इथे देते, कारण इथे जे समजतं ते पुढे बीजगणितापर्यंत कामाला येतं.

२३ × १४ घ्या. तोडायला शिकलेली मुलं पहिल्यांदा हमखास असं करतात: वीस दाहे दोनशे, तीन चोक बारा, उत्तर दोनशे बारा. ही चूक हुशार मुलंही करतात, आणि ती तर्कशुद्ध वाटणारी चूक आहे. बेरजेत दशकात दशक आणि एककात एकक मिळवले की काम होतं, तसंच त्यांनी इथे केलं. नुसतं ‘चुकलं’ म्हटलं तर त्यांचा तोडण्यावरचाच विश्वास उडतो. त्यापेक्षा चौकटींची वही काढायला सांगा. आडव्या २३ चौकटी, उभ्या १४ चौकटी असा आयत आखायचा. (वहीच्या चौकटी मोठ्या असतील तर दोन पानं शेजारी चिकटवावी लागतात.) आता विसाव्या चौकटीनंतर एक उभी रेघ आणि वरून दहा ओळी झाल्यावर एक आडवी रेघ. आयताचे चार भाग पडले. मुलांना सांगा, तुम्ही जेवढं गुणलंत तेवढं रंगवा.

मुलं वीस बाय दहाचा मोठा भाग रंगवतात, मग कोपऱ्यातला तीन बाय चारचा छोटा भाग. आणि थांबतात. दोन भाग पांढरेच राहिलेले असतात, एक उजवीकडे वर आणि एक डावीकडे खाली. वर्गात या क्षणी जी शांतता होते ती मला फार आवडते. मग कोणीतरी म्हणतं, “हे पण गुणायचं!” वीस चोक ऐंशी, तीन दाहे तीस. राहून गेलेले एकशे दहा सापडले आणि दोनशे बाराचे तीनशे बावीस झाले.

या चार भागांना मुलं आपापली नावं देतात. आमच्या वर्गात ती चार खोल्या आहेत. मोठी खोली, दोन लांबट खोल्या आणि एक चिमुकली. ‘एक खोली राहिली तुझी’ एवढं म्हटलं की मूल स्वतः शोधतं. काही दिवसांनी चौकटी मोजत बसायची गरज उरत नाही. साधा आयत काढायचा, वर २० आणि ३ लिहायचे, डाव्या कडेला १० आणि ४, आणि खोल्या भरायच्या. तीन अंकी संख्या आली तरी घर तेच, खोल्या वाढतात. २३६ × ४७ ला सहा खोल्या: आठ हजार, बाराशे, दोनशे चाळीस, आणि खालच्या ओळीत चौदाशे, दोनशे दहा, बेचाळीस. सगळं मिळून ११,०९२.

संख्यांच्या नावांचा इथे पुन्हा संबंध येतो, आणि या वेळी अडचण म्हणून. मराठीत आपण तेवीस म्हणतो तेव्हा तीन आधी उच्चारतो, वीस नंतर. लिहिताना मात्र दोन आधी, तीन नंतर. एकोण वगळता त्र्याण्णवापर्यंत आणि पुढेही हाच उलटा क्रम आहे. त्यात त्रेसष्टमधले साठ आणि पंचेचाळीसमधले पाच ओळखायला लहान मुलाला प्रयास पडतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस तीन’, ‘साठ तीन’ अशी वाचनाची रीत आली तेव्हा मोठा वाद झाला. या बदलामागच्या समितीच्या अध्यक्ष गणितज्ञ मंगला नारळीकर होत्या. भाषेची मोडतोड होते आहे, अशी लोकांची तक्रार होती, आणि ती भावना मला कळते. मलाही त्रेसष्ट हा शब्द सोडायचा नाही. पण गुणाकार शिकवणाऱ्या माणसाला ‘साठ तीन’ची किंमत लगेच कळते, कारण तोडायचं कुठे ते त्यात सरळ ऐकू येतं. मी दोन्ही वापरते. गुणाकार सुरू करण्याआधी वर्ग एका सुरात म्हणतो, “त्रेसष्ट म्हणजे साठ आणि तीन.” मग हवं तर कुजबुजत, हवं तर मनात.

खोल्या पक्क्या झाल्या की उभी मांडणी शिकवायला एक तास पुरतो. ती शिकवायची नाही असं माझं म्हणणं अजिबात नाही. मोठ्या संख्यांना तीच सोयीची आणि कमी जागेत मावणारी आहे. फक्त ती खोल्यांच्या शेजारी शिकवायची. २३ खाली १४ मांडले. पहिली ओळ आली ९२. ती कुठून आली? चाराच्या ओळीतल्या दोन खोल्या, ऐंशी आणि बारा. दुसरी ओळ २३०, म्हणजे दहाच्या ओळीतल्या दोन खोल्या, दोनशे आणि तीस. इथे मी फुलीऐवजी शून्यच लिहायला लावते. फुली म्हणजे ‘इथे काही लिहू नको’ असा हुकूम वाटतो, पण शून्य लिहिलं की ओळ दोनशे तीस अशी वाचता येते आणि आपण एकाने नाही, दहाने गुणलंय हे डोळ्यासमोर राहतं. मुलांच्या आईवडिलांना हे कधी कधी खटकतं, ‘आम्ही तर फुलीच मारायचो.’ त्यांना मी हेच कारण सांगते आणि बहुतेकांना पटतं.

आणखी एक चूक हमखास भेटते, मधल्या शून्याची. ३०५ × ७ मध्ये ‘सात शून्ये सात’ म्हणून मूल २२०५ लिहितं. खोल्या काढल्या तर तीनशेची एक आणि पाचची एक, मधली खोलीच नाही. २१०० आणि ३५. उत्तर २१३५.

ज्या मुलांचे पाढे कच्चे आहेत त्यांचं काय? त्यांना आधी पाढे पाठ कर, मग मोठे गुणाकार, असं सांगून मागे बसवू नये. पाढ्यांचा तक्ता त्यांच्या बाकावर ठेवावा आणि खोल्या काढू द्याव्यात. तोडायचं कसं ही एक समज आहे आणि सात आठी छप्पन्न ही वेगळी आठवण आहे. एकीसाठी दुसरी अडवून धरली तर दोन्ही राहतात. शिवाय रोज तक्त्यात बघून बघून पाढेही बसतात.

दोन-तीन पद्धती हातात आल्या की मुलांना निवड करू द्यायची, आणि मग वर्गात फार मजा येते. शाळेतल्या खिचडीचं गणित मी दरवर्षी घालते. पहिली ते पाचवीच्या मुलाला पोषण आहारात दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ धरतात. वर्गात ४८ मुलं, महिन्यात शाळेचे २४ दिवस. एकूण किती वाटे? एकाने चार खोल्या काढल्या, आठशे, एकशे साठ, एकशे साठ, बत्तीस. एकोणतीसवाल्या मुलीने अठ्ठेचाळीस बाजूला सारले आणि पन्नास धरले. पन्नास चोवीस वेळा बाराशे, त्यातून दोन चोवीस वेळा अठ्ठेचाळीस गेले. ११५२ वाटे. प्रत्येक वाटा शंभर ग्रॅमचा, म्हणजे ११५ किलो २०० ग्रॅम तांदूळ. “पन्नास किलोची दोन पोती संपून तिसरं फोडावं लागेल,” एकजण म्हणाला, आणि त्या वाक्याने मला उत्तरापेक्षा जास्त समाधान दिलं.

काही ठिकाणी दुप्पट-निमपट चालते. १६ × २५ असेल तर एकीकडे निम्मे, दुसरीकडे दुप्पट: ८ × ५०, मग ४ × १००. चारशे. ३५ × १४ चे ७० × ७ केले की झालं. अकराने गुणायची युक्ती मुलांना कुठून तरी कळलेली असते, २३ चे दोन आणि तीन बाजूला करून मधे पाच लिहायचे, २५३. ती युक्ती आणणाऱ्या मुलाला मी एवढंच विचारते, असं का होतं? २३० खाली २३ मांडले की त्याला दिसतं मधे पाच कुठून आले. मग ७८ × ११ ला मधे पंधरा आले तरी तो गोंधळत नाही, एक पुढे ढकलून ८५८ लिहितो.

आपल्या आधीच्या पिढ्यांकडे याहून समृद्ध साठा होता. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पाढे शाळेत घोकून घेत. औटकी म्हणजे साडेतीनपट. आता ते अभ्यासक्रमात नाहीत आणि पुन्हा पाठ करायला लावावेत असं मला वाटत नाही. पण ज्याला अडीचकी येते त्याला २५० रुपयांच्या चौदा वस्तू म्हणजे ‘चौदाची अडीचपट पस्तीस, साडेतीन हजार’ एवढंच असतं. घरात असे कोणी आजी-आजोबा असतील तर त्यांना मुलांसमोर एखादा हिशेब करायला लावा, आणि कसा केला ते बोलून दाखवायला सांगा.

संख्या तोडून गुणण्याची ही रीत परकी किंवा आधुनिक आहे असा समज काही पालकांचा असतो. १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’ हा गणिताचा ग्रंथ लिहिला. त्यात गुणाकाराचं उदाहरण आहे १३५ × १२. उत्तर एकच, १६२०, पण ते काढायच्या रीती अनेक दिल्या आहेत. बाराचे आठ आणि चार करा. किंवा आधी चाराने गुणून मग तिनाने गुणा. किंवा दहा आणि दोन असे वेगळे गुणून मिळवा. किंवा विसाने गुणा, २७००, आणि त्यातून आठपट, म्हणजे १०८०, वजा करा. ही शेवटची रीत आमच्या एकोणतीसवाल्या मुलीचीच! चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवीजवळ तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तिथे मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे.

कोकणात मुरुडजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी सोळाव्या शतकात ‘लीलावती’वर टीका, म्हणजे ती समजावून सांगणारा ग्रंथ, लिहिली. तिरप्या रेघा मारलेल्या चौकटींतून गुणाकार करण्याची कपाटसंधी नावाची पद्धत त्यात आहे. प्रत्येक चौकटीत दोन अंकांचा गुणाकार, तिरप्या रेघेच्या वर दशक, खाली एकक, आणि शेवटी तिरकस बेरीज. मुलांना ती जादूसारखी वाटते. मी ती दाखवते, पण खोल्या आणि उभी मांडणी दोन्ही झाल्यावर, वर्षाच्या शेवटी. तिच्यात वीस किंवा तीस कुठे दिसत नाहीत, नुसते सुटे अंक दिसतात. स्थानिक किंमत पक्की नसताना ही पद्धत दिली तर तीही फुलीसारखी पाठ होऊन जाते.

गेल्या वर्षी मी भास्कराचार्यांचं ते गणित, त्यांचं नाव न सांगता, चौथीला दिलं. दहा मिनिटांनी फळा मुलांच्या हवाली केला. एकाने १३५० आणि २७० मिळवले होते. एकीने १३५ चे २७० केले, बाराचे सहा केले आणि २७० ला सहाने गुणलं. तिघांनी खोल्या काढल्या होत्या, त्यातल्या एकाची शंभराची खोली पाचापेक्षा लहान होती, पण आकडे बरोबर होते. शेवटी मागच्या बाकावरचा, एरवी फळ्यापाशी यायला नकार देणारा मुलगा उठला. त्याने १३५ चे १२५ आणि १० केले. “सवाशे आठ वेळा हजार,” तो म्हणाला, “अजून चार वेळा पाचशे. वरचे दहा बारा वेळा एकशे वीस.” १६२० लिहून त्याने खडू ठेवला. सवाशे कुणी शिकवले विचारलं तर म्हणाला, “आमचे आजोबा बाजारात असंच मोजतात.”